माळावरची मोजणी

हैदराबाद नगराच्या पश्चिमेस, जुन्या मुंबई रस्त्याला लागून, हैदराबाद विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. १९७४ साली संसदेच्या कायद्याने ह्या विद्यापीठाची स्थापना झाली. आरंभी ते आबिड्समधील सरोजिनी नायडूंच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ ह्या वास्तूत भरत असे. पुढे गचीबावलीच्या माळावर सुमारे २,३०० एकर भूमी त्यासाठी राखण्यात आली. फाटकातून आत शिरलो आणि शहर मागे पडले. एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे, सांदीसांदीतून वाढलेली झुडपे, मधूनच एखादे तळे. हे खडक दोन अब्ज वर्षांहून पुरातन आहेत. त्यांच्या माथ्यावरून पलीकडे पाहावे, तो काचेच्या उत्तुंग इमारती उभ्या!

विद्यापीठाने सृष्टीचा सांभाळ कितपत केला, हे अलीकडे गुण देऊन ठरविले जाते. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० साली ‘ग्रीनमेट्रिक’ नावाची परीक्षा सुरू केली. तीत अनेक वर्षे शंभर गुणांची वाटणी अशी होती: भूमी व इमारती १५, ऊर्जा व हवामान २१, केरकचरा १८, पाणी १०, वाहतूक १८, शिक्षण व संशोधन १८.

मोजणीची ही रीत आम्हांस पटते. प्रत्येक इमारतीस वेगळा विजेचा मीटर असावा, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील उष्टे रोज तोलावे, एक वर्ष आधार धरून पुढील वर्षे त्याच्याशी ताडून पाहावी. आकड्यास माणसांच्या संख्येने भागावे, नाहीतर विद्यार्थी वाढले एवढ्यावरूनच उधळपट्टी झाली असा समज व्हावयाचा. मोजल्यावाचून केलेला संकल्प हवेत विरतो.

परंतु पाठीवर चांदण्या मिरविणाऱ्या कासवास मीटर कोठे बसवावा? ह्या प्रश्नाचे मोल २०२५ साली कळले. आवाराच्या कडेच्या कांचा गचीबावली येथील ४०० एकर भूमी विद्यापीठाची नव्हे, आपली आहे, असे तेलंगण शासनाचे म्हणणे होते. ३० मार्च रोजी तेथे यंत्रे शिरली व झाडे कोसळू लागली. विद्यार्थी आडवे आले. ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने काम थांबविले. तोवर सुमारे शंभर एकरांवरील झाडोरा गेला होता.

भूमी कोणाची, हा वाद कागदांचा. तीवर कोण राहते, हे मात्र विद्यार्थ्यांनी व अभ्यासकांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवले होते: दोनशेहून अधिक जातींचे पक्षी, चितळ, मोर, कासवे. त्या याद्या लोकांपुढे आल्या, म्हणूनच ‘ओसाड माळ’ हा शब्द टिकला नाही. ज्याची नोंद नाही, ते रिकामे समजले जाते. आणि जे रिकामे, त्यावर नांगर फिरविण्यास कोणाचा हात कचरत नाही.

२०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस ह्यांनी पृथ्वीस आपले सामायिक घर म्हटले. घराचा कारभारी हिशेब देण्यास बांधलेला असतो, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांस नव्याने सांगावयास नको. आपल्या चर्चच्या व शाळेच्या आवारात झाडे किती, वैशाखात विहिरीचे पाणी किती हात खाली जाते, कोणते पक्षी घरटी बांधतात, ह्याची एक वही प्रत्येक धर्मग्रामात असावी. ती मुलांच्या हाती द्यावी. भिंत बांधण्याची किंवा झाड तोडण्याची गोष्ट निघेल, त्या दिवशी प्रथम ती वही उघडावी.