वार, नैवेद्य आणि घरातील मोकळीक

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील मांसाहारी घरांत मुलाला धर्माची पहिली ओळख होते ती स्वयंपाकघरातील वारांच्या हिशेबातून. बुधवार आणि रविवार तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे, सोमवार, गुरुवार आणि शनिवार ‘पाळण्याचे’, म्हणजे घरात मटण-अंडे न शिजवण्याचे, मंगळवार-शुक्रवार देवीचे म्हणून घरोघरी वेगळे, आणि श्रावण लागला की महिनाभर सगळेच बंद, हे वेळापत्रक त्याला शुभंकरोतीच्या आधी पाठ झालेले असते. प्रस्तुत लेखकाच्या घरात मुलांवर पूजेची किंवा स्तोत्रपाठांतराची सक्ती करायची नाही, असे त्याने आणि त्याच्या पत्नीने मुले लहान असतानाच ठरवले होते. परंतु या निर्णयाने दोघांनाही काहीच गमवावे लागले नाही, कारण मुलगा प्रसादाच्या आशेने गल्लीतील आरतीला आपणहून जातच होता आणि देव मानावा की न मानावा यावरची चर्चा जेवणानंतर निवांत करता येत होती. श्रद्धेच्या बाबतीत दिलेली मोकळीक स्वस्त असते. ताटात काय वाढायचे याची मोकळीक महाग पडते, हे शाळकरी मुलीने एका शनिवारी ऑम्लेट मागितल्यावर उघड झाले.

नकार देताना आजीचे मन, भांड्यांचा विटाळ, एका दिवसाने काय बिघडते, अशी सर्व कारणे पुढे आली, आणि त्यांपैकी एकही कारण आईबापांच्या स्वतःच्या विश्वासाचे नव्हते. मुलीने मात्र आधार घेतला तो गावच्याच रूढीचा. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की ते कलशांतून, ‘पी ढबाक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिपाणी-ढोलाच्या वाद्याच्या साथीने, टेंबलाईच्या म्हणजे त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर मिरवत नेले जाते. ही यात्रा मंगळवारी आणि शुक्रवारी, देवीच्याच वारी भरते आणि त्या दिवशी गल्लोगल्ली मटण शिजते. त्याच टेकडीवर आश्विनातील ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी जाते, तेव्हा असुरवधाचे प्रतीक म्हणून कुमारिकेच्या हस्ते कोहळा, म्हणजे भोपळ्याच्या जातीचे फळ, फोडला जातो. “टेंबलाईला मंगळवारी चालतं, मग मला शनिवारी का नाही?” या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर असेलही, पण ते घरात कोणाजवळ नव्हते. अखेर मागच्या सोप्यात वेगळी शेगडी आणि वेगळा तवा आला. मटणाची भांडी निराळी ठेवण्याची चाल अनेक घरांत पूर्वापार असल्याने आजीने या तोडग्याला हरकत घेतली नाही. याला स्वातंत्र्य म्हणणे धाडसाचे ठरेल, तडजोड म्हणणे अधिक प्रामाणिक.

या शहरात उदारमतवादाचा विषय निघाला की राजर्षी शाहू महाराजांच्या 1902 च्या आरक्षणाचा आणि जातवार वसतिगृहांचा उल्लेख होतोच. पालकाला मात्र त्यांच्या घरातील वागणे अधिक शिकवून जाते. धाकटे राजपुत्र शिवाजी 1918 मध्ये शिकारीच्या वेळी अपघातात मरण पावले, तेव्हा सून इंदुमतीदेवी अजून बालिका होत्या. राजवाड्यातील विरोध पत्करून महाराजांनी त्या बालविधवेच्या शिक्षणाची व्यवस्था शहराबाहेर सोनतळीला केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढायला मदत करून तेथे गाडी थांबवून महाराज स्वतः चहा पीत आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही पाजत, ही हकीकतही याच जातीची आहे. कपभर चहासारखी किरकोळ चैन त्या काळी कायद्याइतकीच जड होती.

खाण्याच्याच वाटेने लेखकाच्या मुलाला दुसरा धर्म कळला. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्याने दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते, तर हिंदू पंचांग अधिक मास घालून ऋतूंशी मेळ राखते. म्हणून मोहरम आणि गणेशोत्सव काही वर्षे सलग एकत्र येतात आणि मग दीर्घकाळ दुरावतात. 2018 ते 2020 या तीन वर्षांत ते असे एकत्र आले. ज्या तालमींत मोहरमचे पंजे, म्हणजे हाताच्या आकाराची धातूची प्रतीके, बसवण्याची रीत आहे तेथे गणपती आणि पंजे शेजारी बसले, कुरुंदवाडच्या मशिदींत प्रथेप्रमाणे गणपती बसले, आणि मुलाने एकाच आठवड्यात मोदक आणि मलिदा दोन्ही हादडले. त्याच कोल्हापुरात 7 जून 2023 रोजी समाजमाध्यमांवरील मजकुरावरून दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. पुढच्याच महिन्यात मोहरम आला तेव्हा ‘यंदा मलिद्याला जायचे का’ असे मुलाने विचारले आणि क्षणभर दचकलेले आईबाप ‘जायचे’ म्हणाले, पण तो परत येईपर्यंत दारातच उभे राहिले.

खरी अडचण पुढे उलट्या दिशेने आली. शनिवारी ऑम्लेटसाठी भांडलेली मुलगी महाविद्यालयात गेल्यावर दर पौर्णिमेला मैत्रिणींबरोबर नृसिंहवाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील दत्तस्थानाला, जाऊ लागली आणि तिने मांसाहार सोडला. देवळात न जाणाऱ्या, पुरोगामी व्याख्यानांना हमखास हजेरी लावणाऱ्या बापाला हे रुचले नाही. सक्ती न करण्याचे तत्त्व आपल्या मताच्या मुलांसाठीच होते काय, असा प्रश्न पत्नीने त्याला विचारला, तो बोचरा होता आणि रास्तही. त्याने कारण विचारले नाही; तिने वाडीहून आणलेली कवठाची बर्फी मात्र तो चवीने खातो. आजीची तक्रार निराळीच आहे: नात शाकाहारी झाल्यापासून बुधवारचा पांढरा रस्सा उरतो, आणि या वयात तो आपल्यालाच संपवावा लागतो.