देहाची सबुरी

करोनाच्या दोन वर्षांनी आपल्या बोलीला जे शब्द दिले, त्यांत 'इम्युनिटी' हा सर्वांत टिकाऊ ठरला. 'क्वारंटाइन' विस्मरणात गेला, 'लॉकडाउन' थट्टेपुरता उरला. पण सौंसरच्या बाजारात काढ्याच्या पुडीवर, च्यवनप्राशाच्या डब्यावर, इतकेच नव्हे तर संत्र्याच्या रसाच्या हातगाडीवरही 'इम्युनिटी वाढवा' ही पाटी अद्याप झळकते. या पाटीमागची समजूत सरळ आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे विहिरीचे पाणी. आटले की रोग, भरले की निरोग. आम्ही विज्ञानाचे पदवीधर खरे, परंतु नोकरीची सारी वर्षे खसरा-खतौनी आणि सीमांकनाच्या प्रकरणांत गेली. निवृत्तीनंतर घरातल्याच एका दुखण्याच्या निमित्ताने या विषयाचे वाचन घडले, आणि विहिरीचा हा दाखला किती अपुरा आहे ते ध्यानी आले. त्यातले काही मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावे, असे वाटले.

प्रारंभ आपल्याच मुलखापासून करू. नागपूरच्या सभोवतालचा हा प्रदेश कुष्ठसेवेचा प्रदेश म्हणून देशात ओळखला जातो. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम उभारले. सेवाग्रामात महात्माजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वहस्ते केली. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वरोऱ्यास बाबा आमट्यांचे आनंदवन. आपल्या पिढीने ही नावे आदराने ऐकली. मात्र या रोगात देहाचे वागणे किती चमत्कारिक असते, याची चर्चा आपल्या बैठकींत फारशी झाली नाही.

कुष्ठाचा जंतू एकच. नॉर्वेच्या हॅन्सेनने तो १८७३ साली पाहिला. तो इतका मंद की एकाचे दोन होण्यास त्याला बारा-चौदा दिवस लागतात, आणि रोग दिसू लागेपर्यंत कित्येक वर्षे लोटतात. शंभरातल्या पंचाण्णव माणसांना तो बाधतही नाही. पण ज्यांना बाधतो त्यांची दोन टोके दिसतात. एका टोकाच्या रोग्याच्या अंगावर चार-दोन बधिर चट्टे असतात, त्यांत जंतू शोधूनही सापडत नाहीत. शरीराने त्यांच्यावर जोराचा हल्ला चढवलेला असतो, आणि त्या धुमश्चक्रीत त्याच जागेच्या नसा जायबंदी झालेल्या असतात. दुसऱ्या टोकाच्या रोग्याच्या त्वचेत जंतूंची अक्षरशः अब्जावधींची वस्ती असते आणि शरीर स्वस्थ असते. रक्तात प्रतिद्रव्ये भरपूर असतात, परंतु ती निरुपयोगी. कारण जंतू राहतो पेशीच्या पोटात, आणि तेथवर प्रतिद्रव्यांचा हात पोचत नाही. ते काम टी-पेशींचे, आणि त्या गप्प असतात. गंमत अशी की हाच मनुष्य इतर रोगांशी उत्तम झुंजतो. त्याची प्रतिकारशक्ती कमी नसते. या एका शत्रूपुरती ती हात बांधून बसलेली असते.

याहून नवलाची गोष्ट उपचार सुरू झाल्यावर घडते. औषधाने जंतू मरू लागतात, शरीर जागे होते, आणि काही रोग्यांच्या नसा एकाएकी सुजतात, कोपराशी ठणका लागतो, बोटे वाकू लागतात. अशा वेळी डॉक्टर प्रतिकार वाढवणारे नव्हे, तर दडपणारे औषध देतात, स्टिरॉइड. रोग्याचा हात वाचवायचा तर त्याच्याच रक्षकांना आवरावे लागते. ज्या वाकड्या बोटांना लोक जंतूचे कृत्य समजत आले, त्यांतला मोठा भाग रक्षणकर्त्यांचा असतो.

आता एक गोष्ट, जी वाचून आम्ही थबकलो. १९५८ साली एका कुष्ठरुग्णाच्या शरीरातून बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी एक जंतू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवला, आणि त्यापासून पुढे डॉ. माधव गजानन देव यांनी कुष्ठरोगावरील लस तयार केली. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले, या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. हे काम झाले कोठे? मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत! त्या जंतूचे 'आयसीआरसी' हे नावच मुळी 'इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर'ची आद्याक्षरे होत. याच डॉ. खानोलकरांनी सहकाऱ्यांसह १९५५ साली तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कर्करोगाच्या घरात कुष्ठाचा जंतू कशासाठी, असे कोणी विचारील. आम्हांस मात्र ते शेजारपण आता अत्यंत स्वाभाविक वाटते. देहाच्या दृष्टीने जुनाट संसर्ग आणि कर्करोग हे भाऊबंदच. दोन्ही शत्रू घरात राहणारे, दोन्ही वर्षानुवर्षे न हलणारे.

अशा शत्रूपुढे टी-पेशी का थंडावतात, याचा उलगडा अलीकडच्या तीस वर्षांत झाला, आणि त्यातील अग्रणी संशोधक उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आहेत: अमेरिकेत अटलांटा येथे काम करणारे डॉ. रफी अहमद. उंदरांच्या अंगात ठाण मांडून बसणाऱ्या एका विषाणूवर त्यांनी अभ्यास केला. त्यांना दिसले की लढाई लांबली की टी-पेशी नष्ट होत नाहीत. त्या जागेवर असतात, शत्रूला ओळखतात, पण मारत नाहीत. या अवस्थेला शास्त्रज्ञ 'थकवा' म्हणतात.

आम्हांस हा शब्द पुरता पटत नाही, आणि त्याचे कारण नोकरीतले आहे. पांढुर्ण्याची गोटमार आपणा सर्वांस ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाचे झाड. कार्यपालिक दंडाधिकारी म्हणून त्या बंदोबस्तावर आम्ही उभे राहिलो आहोत. पोलीस असतात, लाठ्या असतात, कोण दगड मारतो आहे हेही डोळ्यांपुढे असते; तरीही हात उचलायचा नाही असा हुकूम असतो, कारण त्या गर्दीत बळ वापरले तर दगडांनी होते त्याहून मोठी हानी होईल. तो बंदोबस्त थकलेला नसतो, त्याला सबुरीची आज्ञा असते. टी-पेशीचेही तसेच. तिच्या अंगावर 'पीडी-वन' नावाची एक कळ असते. ती जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधली. लढाई फार लांबली की ही कळ दाबली जाते आणि पेशी हात आवरते, एरवी शत्रूबरोबर यकृत, फुप्फुसे, नसा सारेच जळून जाईल. कर्करोगाची लबाडी अशी की पुष्कळदा तो स्वतःच ही कळ दाबून धरतो. २००६ साली डॉ. अहमद आणि सहकाऱ्यांनी उंदरांत ही कळ अडवून दाखवली आणि निपचित पेशी पुन्हा कामाला लागल्या. त्याच तत्त्वावर कर्करोगाची नवी औषधे निघाली. होंजो यांना अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांच्यासह २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता घरातले सांगतो. आमचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सारे गाव दादा म्हणे, यांना तंबाखूची सवय विशीपासून. चुन्याची डबी त्यांच्या खिशातून निघालेली आम्ही पाहिली नाही. २०२१ साली गालाच्या आतली गाठ काढावी लागली, आणि २०२३ च्या आरंभी ती मानेत परत आली. शस्त्रक्रियेची सोय उरली नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी एक पर्याय मांडला. या औषधांपैकी 'निव्होलुमॅब' नावाचे औषध पूर्ण मात्रेत आपल्यासारख्यांना परवडणारे नाही. परंतु मुंबईच्या टाटा रुग्णालयाने त्याची फार लहान मात्रा, तीन आठवड्यांतून एकदा वीस मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मात्रेच्या सुमारे सहा टक्के, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीने देऊन पाहिली होती. डोके-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील ती चाचणी २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. केवळ स्वस्त गोळ्या घेणाऱ्यांत वर्षानंतर शंभरांतले सोळा जिवंत होते, लहान मात्रा मिळालेल्यांत त्रेचाळीस. श्रीमंत देशांतील कंपन्यांनी जो प्रश्न विचारलाच नाही, तो परळच्या डॉक्टरांनी विचारला, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते.

कागदावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारले, "काका, पूर्वी कधी टीबी झाला होता का?"

दादांचे उत्तर तात्काळ आले. "झाला होता की. सत्त्याहत्तर साली. अठरा महिने इंजेक्शनं-गोळ्या घेतल्या, एक दिवस चुकवला नाही."

वहिनींना वाटले, सेहेचाळीस वर्षांपूर्वीचे दुखणे, त्याचे आता काय? पण डॉक्टर गंभीर झाले. क्षयाचा जंतू पुष्कळदा मरत नाही, कोंडला जातो. पेशी त्याच्याभोवती कडे करतात, त्यावर चुन्याचा थर चढतो, आणि जंतू व रक्षक दोघेही त्या कोठडीत वर्षानुवर्षे एकमेकांकडे पाहत राहतात. हा तह सबुरीवरच टिकतो. २०१० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत पीडी-वनची कळ जन्मतःच नसलेल्या उंदरांना क्षयाची बाधा केली, तेव्हा ते इतर उंदरांहून लवकर मेले. आणि ही नवी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत निजलेला क्षय उठल्याच्या नोंदी आहेत. ज्या देशात इतक्या माणसांच्या छातीत हा जंतू निजलेला आहे, तेथे ही बारीकसारीक बाब नव्हे. एका रोगासाठी बंधन सोडायचे, तर दुसरा रोग त्याच बंधनाने आवरलेला!

छातीचे फोटो झाले, थुंकी तपासली. उजव्या बाजूस वर चुन्याचा एक ठिपका होता, बाकी काही नव्हते. घरात दोन पक्ष पडले. पुतण्याचे मत औषध द्यावे. वहिनींच्या माहेरच्यांचे मत काढ्यांनी 'इम्युनिटी' वाढवावी आणि देवावर सोडावे. आम्ही मत दिले नाही, जे वाचले ते दोन्ही बाजूंनी दादांना सांगितले. निर्णय त्यांनी घेतला, आणि तो घेताना जे म्हणाले ते अधिकाऱ्यालाही सुचले नसते: "अरे, सगळी फौज नको सोडू म्हणतात ना? थोडीच सोडताहेत. सोडू दे."

पुढे वर्षभर दर तीन आठवड्यांनी सावनेरमार्गे नागपूर. मानेची गाठ निम्म्यावर आली. पाचव्या महिन्यात चेहरा सुजला, दादा दिवसभर पेंगू लागले. तपासणीत थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचे निघाले. सुटलेल्या रक्षकांनी निरपराध शेजाऱ्यावर हात टाकला होता. रोज एक गोळी सुरू झाली आणि तेवढ्यावर भागले. दादा त्रेचाळिसांत राहिले. त्या वर्षात त्यांनी बागेतला आंबिया बहार स्वतः उभे राहून उतरवला, नातीचे लग्न पाहिले, आणि व्यापाऱ्याशी भावावरून भांडण्याइतका आवाज त्यांच्यात परत आला. जेवणात मात्र पातळ भातावाचून शेवटपर्यंत काही गेले नाही.

सर्वांना गुण का येत नाही, याचे उत्तर अंशतः मिळाले आहे. औषधाने जाग्या होतात त्या पार थंडावलेल्या पेशी नव्हेत, तर त्यांच्यामागे असलेली एक ताजी राखीव तुकडी. हे २०१६ साली डॉ. अहमद यांच्याच गटाने दाखवले. ज्याच्या अंगात ही तुकडी संपली, त्याची कळ सोडूनही कोणी उठत नाही. दादांची तुकडी बहुधा दुसऱ्या वर्षी संपली. २०२४ च्या पावसाळ्यात गाठ पुन्हा वाढली, आणि पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

त्यांचे कागद आमच्याकडे आहेत. जुन्या सवयीने तारीखवार लावून नस्ती केली आहे. अखेरचा एक्स-रे ऑगस्टचा. उजव्या बाजूचा तो ठिपका पहिल्या फोटोत होता तसाच, तेवढाच आहे.