सोयऱ्यांचे मानपान

तुकोबांनी झाडे आणि वेली यांना एकाच नात्यात बसवले. दोघांनाही सोयरे मानले. परंतु नाते एक असले तरी सगळ्या सोयऱ्यांचे मानपान सारखे नसतात, हे घरचे एखादे लग्नकार्य निभावलेल्या कोणासही ठाऊक असते. एक सोयरा घटकाभर विचारपूस झाली नाही तर रुसून बसतो. दुसरा मांडवाच्या कडेला मुकाट बसतो आणि त्याचे काय उणे राहिले ते कित्येक वर्षांनी कानावर येते. टेमघरला आमच्या दारी हे दोन्ही सोयरे नांदतात : कुंडीतला मोगरा आणि अंगणातला रायवळ आंबा.

मोगऱ्याचा हिशेब रोजचा. त्याच्या वाट्याची माती वीतभर, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात ती सकाळ-संध्याकाळ पाणी मागते. थंडीत मात्र त्याचे पाणी तोडावे लागते. मग जानेवारीच्या सुमारास छाटणी, शेणखत आणि पुन्हा पाणी. कळी नव्या फुटीवर येते, म्हणून जुन्या फांदीची माया धरणाऱ्याच्या ओंजळीत फुले थोडी पडतात. जव्हार-विक्रमगडकडचे शेतकरीही मोगऱ्याच्या याच स्वभावावर भिस्त ठेवून दादरच्या फूलबाजाराकडे कळ्या धाडतात. दोन दिवस परगावी जावे तर हा माना टाकतो. परतून तांब्याभर पाणी घालावे तर तिन्हीसांजेपर्यंत सावरतो. त्याचा राग आणि लोभ दोन्ही रोखीचे.

आंब्याचा व्यवहार उधारीचा. पहिली दोन-तीन वर्षे त्यालाही उन्हाळ्यात पाणी आणि गुरांपासून कुंपण लागते. मुळे खोल गेली की तो आपली तजवीज आपणच करतो, आणि तेथून पुढे त्याची निगा म्हणजे बव्हंशी आपला हात आवरणे. पाऊस सरल्यावर मोठ्या झाडाला प्रेमाने पाणी घालीत राहिले तर मोहोराच्या जागी पालवी येते. थोडा ताण सोसल्यावाचून तो मोहोरत नाही. बुंध्याशी मातीचा ढीग केला तर साल कुजते. खत घालायचे तेही पसाऱ्याची सावली संपते त्या कडेला, चर खणून. कारण अन्न शोषणारी बारीक मुळे तिथवर पसरलेली असतात. बांडगूळ तेवढे वेळीच, फांदीच्या भागासकट काढावे. एका वर्षी भरभरून फळलेला आंबा पुढल्या वर्षी हात आखडता घेतो, तेव्हा त्याला बोल लावू नये.

मराठीने हा भेद फार पूर्वीच ओळखला असावा. आपण रोप जोपासतो आणि झाड राखतो. जोपासण्यात सतत काही देणे आहे. राखण्यात पहारा आहे. शिवाय 'राखून ठेवणे' म्हणताना कोणासाठी तरी जागा सोडणेही आहे.

ही जागाच आता दुर्मिळ झाली आहे. पाण्याच्या बाबतीत टेमघरचे नाव मोठे : उल्हास नदीचे शहाडला उचललेले पाणी येथे शुद्ध होऊन भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरकडे जाते. मोगऱ्याची बादली त्यामुळे कशीबशी भरते. आंब्याला मात्र उघडी जमीन हवी, आणि भिवंडीच्या आसपास उघडी जमीन दिसली की तिच्यावर गोदाम, इमारत, नाही तर वाहनतळ उभा राहतो. आमच्या अंगणातही गाड्यांसाठी काँक्रीट करण्याचे ठरले. ठेकेदार म्हणाला, "झाडाला कुठं कोण पाणी घालतंय? बुंध्यापुरतं गोल सोडतो की!"

त्याचा तर्क एकट्याचा नव्हता. जो मागत नाही त्याला काही लागत नाही, असे आपण माणसांच्या बाबतीतही धरून चालतोच. बुंध्यापुरते गोल सोडणे म्हणजे पाहुण्याला पाट मांडून पान न वाढणे. झाकलेल्या मातीत पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. पण झाड साठवणीवर तग धरते. शेंडा वाळू लागतो तेव्हा काँक्रीट जुने झालेले असते आणि दोष म्हातारपणावर जातो. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे; २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा मान दिला. तथापि कुऱ्हाडीचा घाव दिसतो, तसा हा घाव दिसत नाही.

पुष्कळ बोलाचाली झाली. अखेर फांद्यांच्या सावलीतली जमीन उघडी राहिली, गाड्यांची एक जागा कमी झाली आणि त्याबद्दल घरात अजून कुरकुर चालते. ती रास्तच आहे. झाड राखायचे तर कोणाला तरी काही सोडावे लागतेच. घर बदलले तर मोगरा कुंडीसकट बरोबर येईल. आंबा इथेच राहील, आणि त्याच्यासाठी सोडलेली जमीन पुढे कोणी झाकू नये, एवढेच पुढच्या बिऱ्हाडाला सांगून ठेवायचे आहे.