तबकडीवरचे वाङ्मय

ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीला प्रकाशनसंस्था का म्हणू नये, असा प्रश्न मोटाउनचा इतिहास वाचताना आम्हां मराठीच्या अध्यापकांना पडतो. मोटारीच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी यांनी 1959 मध्ये डेट्रॉइट शहरात ही कंपनी काढली. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायनातून आलेले सोल संगीत तिने घरोघर नेले. 1970 मध्ये 'ब्लॅक फोरम' या शाखेतून मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषणही तबकडीवर आणले.

सोलापुरात हा प्रश्न अधिक टोचतो. आम्ही वर्गात मंगळवेढ्याचे चोखोबा शिकवतो. त्याच मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंदे यांनी गायिलेली विठ्ठलगीते आणि भीमगीते मात्र विद्यार्थी वर्गाबाहेर ऐकतात. शिंदे 2004 मध्ये गेले. तबकड्यांतून, कॅसेटींतून घराघरांत पोहोचलेला त्यांचा आवाज आजही गावोगावी घुमतो.

चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. शिंद्यांचे गाणे यंत्राने टिपून घेतले. टिपून घेणारा बदलला, एवढ्यावरून एक वाङ्मय आणि दुसरी करमणूक कशी ठरते? याचे उत्तर विद्यार्थ्यांआधी आम्हीच द्यायला हवे.