आखूड फेक

ज्या एका माणसाच्या बळावर एखादे कार्य चालले असेल, त्याचे बळ सरले म्हणजे भोवतालच्या मंडळींना बहुधा दोनच मार्ग सुचतात. एक, तो पुरता मोडून पडेपर्यंत त्याच्याकडून पूर्वीचेच काम घेत राहावयाचे. दुसरा, त्याला मानाने कोपऱ्यात बसवून तितक्याच ताकदीचा दुसरा माणूस धुंडाळावयाचा. तिसराही एक मार्ग आहे. त्याचा उत्तम दाखला आम्हांस कोणत्याही पुराणात नव्हे, तर अमेरिकेतील एका खेळाच्या इतिहासात सापडला. शब्दरूपे घोकवून घेण्यात ज्याचा जन्म गेला त्याने चेंडूफळीच्या गोष्टी सांगाव्यात, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु आमचा भाचा ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरी नोकरीस आहे. त्याच्या बिऱ्हाडी चार महिने राहण्याचा योग आला, आणि तेथे या खेळावाचून दुसरा विषय नसल्यामुळे तो आम्हांस समजून घेणे भाग पडले.

तिकडे ज्यास फुटबॉल म्हणतात त्यात पायाचे काम थोडे आणि हातांचे फार. पटांगण १०० यार्ड लांब व सुमारे ५३ यार्ड रुंद. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकावयाचे. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. या आक्रमणाच्या सूत्रधारास क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू कोणाकडे फेकावयाचा, की धावणाऱ्याच्या हाती द्यावयाचा, हे त्याने निमिषार्धात ठरवावयाचे असते. यास्तव त्याचा खांदा दुखावला की सारा संघच दुखावतो.

सिनसिनाटीचा बेंगल्स हा संघ १९६८ साली निघाला. दुसऱ्याच वर्षी त्यास ग्रेग कुक नावाचा, त्याच शहरातील विद्यापीठात शिकलेला, विलक्षण ताकदीचा क्वार्टरबॅक लाभला. त्याची फेक लांब आणि अचूक. पहिले तिन्ही सामने संघाने जिंकले. मात्र तिसऱ्या सामन्यात, कॅन्सस सिटीच्या संघाशी झुंजताना, कुकचा फेकीचा खांदा दुखावला. आतील स्नायुबंध फाटला आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही. तीन सामने बाहेर बसून तो परतला आणि वेदना सोशीत उरलेला हंगाम खेळला. त्याच्या दर फेकीमागे संघास सरासरी ९.४ यार्ड मिळाले. नवख्या खेळाडूच्या मानाने हा आकडा असामान्य होय. तथापि संघाच्या पदरी १४ सामन्यांत चारच विजय पडले. पुढे शस्त्रक्रिया झाल्या, पण तो खांदा पुन्हा धड झाला नाही. १९७३ साली कुक ओझरता मैदानात दिसला, इतकेच. ऐन पंचविशीच्या आत एका होतकरू पुरुषाची कारकीर्द आटोपली.

१९७० साली त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. हा बुद्धीने तल्लख. खेळाचे गणित मांडणारा एक शास्त्रीय निबंधही त्याने पुढील वर्षी एका प्राध्यापकांसमवेत प्रसिद्ध केला. परंतु कुकच्या मानाने त्याचा हात अगदीच दुबळा. लांब फेक त्यास झेपेना. संघाचे मुख्य गुरू पॉल ब्राऊन यांच्या हाताखाली फेकीची आखणी बिल वॉल्श यांच्याकडे होती. दुबळ्या हाताला लांब फेकावयास लावणे त्यांनी सोडून दिले आणि आखणीच बदलली.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. वॉल्श यांचे वैशिष्ट्य असे की, अंथरुणाला लांबीप्रमाणे रुंदीही असते, हे त्यांनी पाहिले. चेंडू पाच-सात यार्डांवर, आडव्या अंगाने, पटांगणाची सारी रुंदी वापरून फेकावयाचा. फेकणाऱ्याने मोजकी पावले मागे टाकावयाची, आणि त्या पावलांच्या तालावर झेलणाऱ्याने नेमक्या जागी पोहोचावयाचे. उरलेले अंतर झेलणाऱ्याने धावून तोडावयाचे. खांद्याचा भार असा पाच-सहा जणांच्या पायांवर वाटला गेला. हंगामाचा पहिला सामना जिंकून पुढचे सहा हरलेला हा संघ नंतर ओळीने सात सामने जिंकला आणि आपल्या गटात पहिला आला. हे सारे श्रेय आखूड फेकीचेच, असे कोणी म्हणणार नाही. संरक्षणाची फळीही भक्कम होती. परंतु दुबळेपणातून जन्मलेली ही पद्धत टिकली. वॉल्श यांनी ती पुढे सॅन फ्रान्सिस्कोस नेली, आणि त्यांच्या संघाने १९८१, १९८४ व १९८८ या हंगामांत अजिंक्यपद मिळविले. जगाने तिला पश्चिम किनाऱ्याची पद्धत असे नाव दिले. जन्मगाव मात्र ओहायोतले.

हे वाचीत असता आम्हांस आमचाच वर्ग आठवला. नोकरीची सहा वर्षे उरली असताना आमच्या स्वरयंत्रावर गाठ आली. साठ मुलांच्या वर्गात खड्या आवाजात रूपे सांगणे, हीच आमची सारी विद्या. वैद्यकशास्त्राने नेमकी तीच मना केली. राजीनाम्याचा कागद आम्ही लिहूनही ठेविला होता. मग एके दिवशी केवळ निरुपायाने पुढल्या बाकावरील चार मुलांना हळू आवाजात एकच रूप सांगितले आणि ते आपापल्या रांगेत शेवटपर्यंत पोहोचविण्यास फर्माविले. आमचा शब्द हातभर जाई. पुढे तो मुले नेत. वर्षानुवर्षे समूहस्वरात नुसते ओठ हलविणारी मागल्या बाकावरची मुले आता एकेकटी बोलू लागली, आणि कोणाचा विसर्ग कोठे अडतो ते आम्हांस प्रथमच ऐकू आले. राजीनाम्याचा कागद आम्ही फाडून टाकिला. खड्या आवाजातील श्लोकपठणाचा आनंद गेला तो मात्र गेलाच; त्याची भरपाई कोणत्याही युक्तीने होत नाही.

आपल्या घरोघरी असा एक खांदा असतोच. बहुधा तो आईचा असतो. गुडघे धरले, मनगट सुजले, तरी सणावाराचा सगळा घाट तिच्याच हातून उरकावा असे आपण धरून चालतो. ती कळ सोशिते आणि आपण तिच्या सोशिकपणाचे कौतुक करितो. पुढे ती बसली म्हणजे तिच्या हातातील पळी काढून घेतो व ‘आता आराम कर’ असे म्हणतो. दोन्हींत तिची हानीच. फळीवरचे डबे खाली आणावेत, कणीक दुसऱ्याने मळावी, भाजणीचे प्रमाण व चव तिने सांगावी. म्हणजे घर तिच्या हाताचे राहील आणि हातही राहील.

कुकच्या शौर्याची स्तुती आम्हीही करू. तो पुढे २०१२ साली वारला. तो अभंग राहता तर थोरांहून थोर झाला असता, असे वॉल्श नेहमी म्हणत. परंतु ज्या डोक्याने कार्टरसाठी अवघी आखणी बदलली, ते डोके एक वर्ष आधी कुकच्याही शेजारीच होते. केवळ त्याचा खांदा किती फाटला आहे, हे कोणास ठाऊक नव्हते. यासाठी ज्याचे दुखते त्याने वेळेवर सांगावे. आणि जो सांगत नाही त्याला इतरांनी वेळेवर विचारावे.