मोटार चालू, पाणी बंद!

"मानवतला चाललोय," असं ऑफिसात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ते मर्डर्सवालं?" 1970च्या दशकातलं ते हत्याकांड आणि त्यावर 2024 साली आलेली वेब सिरीज, पुण्याच्या क्युबिकलमध्ये या गावाची एवढीच ओळख! माझ्यासाठी मात्र मानवत म्हणजे मामाचं गाव. कापसाची मोठी बाजारपेठ, काळीभोर जमीन आणि जानेवारीतला ज्वारीचा कोवळा हुरडा.

तर या जानेवारीत हुरडा खायला म्हणूनच निघालो. अहिल्यानगर, माजलगाव, ढालेगावला गोदावरीचा पूल, मग पाथरी आणि मानवत. कल्याण-निर्मल महामार्गावरचा हा रात्रभराचा प्रवास आता पाठ झालाय. प्लॅन साधा होता. दिवसभर झोप, संध्याकाळी शेतात आगटी, लसणाची चटणी, गूळ आणि दही. मोबाईल सायलेंट!

झालं वेगळंच.

रात्री अकराची लाइट

त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची होती. मामाचा गहू फुलोऱ्यात आलेला. या वेळी पाणी चुकलं की दाणा भरत नाही, आणि वर्षभराचा हिशेब बिघडतो. मामेभाऊ नोकरीला संभाजीनगरला. म्हणजे विहिरीवर जाणार कोण? तर सासष्ट वर्षांचे, गुडघा दुखणारे मामा. मी सोबत निघालो. मनात आलं, आपण इंजिनीअर आहोत, काहीतरी कामाला येऊ.

अकराला लाइट आली. मामांनी हिरवं बटण दाबलं. मोटार झोकात फिरायला लागली, पण पाइपाच्या तोंडाशी थेंब नाही. मामांनी अर्धा मिनिट कान दिला आणि लाल बटण दाबून टाकलं.

"अहो मामा, बंद का केली? येईल की पाणी."

"आवाज ऐकला का? मोकळी फिरायलीय. कोरडी चालली तर ग्लँडची दोरी जळून जाती."

मी माझं ज्ञान पाजळलं. व्होल्टेज कमी असेल, फेज उलटे लागले असतील. फेज उलटे लागले की मोटार उलटी फिरते आणि पाणी नीट चढत नाही, हे खरंच. मामांनी वाद घातला नाही. स्टार्टरवरचं मीटर दाखवलं. मग मोटार क्षणभर चालू करून बंद केली आणि थांबत आलेल्या पंख्यावर बॅटरी मारली. बाणाच्याच दिशेनं फिरत होता.

"आता राहिलं पाणी भरणं."

फुटबॉल!

विहिरीच्या पायऱ्या उतरून आम्ही टप्प्यावर गेलो. तिथं मोनोब्लॉक बसवलेला. खाली काळोख. मामा एका हातानं कठडा धरून उतरत होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. पंपाच्या डोक्यावरचं बूच काढून आम्ही बादलीनं पाणी ओतायला लागलो. एक बादली, दोन, तीन... भरतच नाही!

"फुटबॉल गळायला," मामा म्हणाले.

मी बघतच राहिलो. मग ट्यूब पेटली. फूटव्हॉल्व्ह! सक्शन पाइपाच्या टोकाला, पाण्यात बुडालेली ती एकतर्फी झडप. पाणी वर येऊ देते, परत जाऊ देत नाही. तिच्यात काडीकचरा अडकला की पाइप रिकामा होतो, पंपात हवा भरते. आणि असा पंप हवा ओढू शकत नाही. त्याचा पंखा पाण्याला भिरकावतो. हवा इतकी हलकी, की भिरकावून उपयोग काय?

मामांनी गोठ्यातून शेण आणलं, पाण्यात कालवलं आणि तो काला पंपात ओतला. शेणातले तंतू झडपेच्या फटीत जाऊन बसतात. पुढच्या दोन बादल्यांत पंप काठोकाठ भरला, बुडबुडे थांबले, बूच घट्ट. हिरवं बटण... आणि धो धो पाणी! मी टाळ्याच वाजवल्या.

पंधरा मिनिटांनी पाइपानं ढेकर दिली. एकदा, दोनदा. मग पुन्हा बंद.

गॅलिलिओचा प्रॉब्लेम

आता मामांचा चेहरा पडला. त्यांनी दोरीला दगड बांधून खाली सोडला. पंपापासून पाण्यापर्यंत पंचवीस फूट. उपसा सुरू झाल्यावर पातळी आणखी खाली गेली होती.

"वीस फुटाच्या पुढं मोटारीवर भरवसा नसतो बाबा."

इथं मात्र मला शाळेतलं पुस्तक आठवलं. पंप पाणी ओढत नाही. तो फक्त पाइपातला दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा. त्या हवेची ताकद समुद्रसपाटीला सुमारे 10.3 मीटर, म्हणजे 34 फूट पाणी पेलण्याइतकी. गॅलिलिओनं 1638च्या ग्रंथात लिहिलं, की ओढणारा पंप ठरावीक उंचीपलीकडे पाणी चढवत नाही. त्याला वाटलं, पाण्याचा दोर स्वतःच्याच वजनानं तुटतो. खरं कारण 1643 साली टॉरिचेलीच्या पाऱ्याच्या प्रयोगातून पुढे आलं. पाइपातलं घर्षण, सांध्यांतल्या गळती वगैरे धरता प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांवरच गाडी अडते. म्हणजे मामांचा हिशेब अगदी बरोबर!

मी हे सगळं त्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग हवेला सांग, जरा जोर लाव."

खालचा टप्पा

उपाय एकच होता, पंप पाण्याजवळ नेणं. रात्री ते शक्य नव्हतं. पातळी थोडी वर येईपर्यंत थांबायचं, पाणी भरायचं, पंधरा मिनिटं चालवायचं, असं पहाटेपर्यंत केलं. निम्मा गहू भिजला. निम्मा कोरडा.

सकाळी शेजारचे दोघं साखळी-कप्पी घेऊन आले. पंप आठ फूट खालच्या टप्प्यावर उतरवला. सक्शनच्या पाइपाचा एक तुकडा काढून तेवढाच वरच्या बाजूला जोडला, फुटबॉल साफ करून बसवला. वर ढकलायची उंची वाढली तरी पंपाला ते जमतं, ओढायचं अंतर मात्र कमी हवं. त्या रात्री लाइट आली आणि पाणी सलग चाललं. उरलेला गहू भिजला.

परत निघताना मामांनी हुरड्याची पिशवी हातात दिली. आमच्याकडे म्हणतात, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. मला वाटतं, बनायचं असेल तर आधी परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या विहिरीवर रात्र काढावी. त्या रात्री माझ्याकडे सगळी उत्तरं होती, पण सुरुवात कुठून करायची हे मामांना माहीत होतं.

पंप फिरतोय, पाणी नाही? हे बघा

(सोसायटीच्या टाकीपासून ब्रुअरीतल्या पंपापर्यंत)

- आधी बंद करा. कोरडा पंप जळतो. स्टार्टरला 'ऑटो' असेल तर तोही काढा.
- पंप आणि सक्शन पाइप पाण्यानं पूर्ण भरा. बुडबुडे थांबेपर्यंत.
- भरत नसेल तर फूटव्हॉल्व्ह गळतोय. भरतोय, पण पाणी तुटतंय? सक्शनचे सांधे आणि पाण्याची पातळी तपासा.
- फिरण्याची दिशा बाणाशी जुळतेय ना? जाळीत कचरा नाही ना?
- द्रव गरम असेल तर पंप भांड्याच्या खालीच ठेवा. उकळीला आलेलं पाणी सक्शनमध्येच वाफ धरतं.
- विहिरीत एकट्यानं उतरू नका. मुख्य स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका.