क्रमवारी नेमकी कशाची?

मराठीच्या अध्यापकाने अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. या खेळाशी माझा संबंध आला तो भाच्यामुळे. २०१४ साली तो ओहायो स्टेट विद्यापीठात शिकत होता, आणि त्या वर्षअखेरीस आमचे फोनवरचे बोलणे हवापाणी, जेवणखाण ओलांडून एकाच प्रश्नापाशी येऊन थांबे: चौथा क्रमांक कोणाचा? त्या लंबगोल चेंडूचे डावपेच मला आजही पुरते उमगत नाहीत. वादाचा विषय मात्र पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. उत्तरपत्रिका तपासताना, निबंधस्पर्धेचे परीक्षण करताना, 'महत्त्वाचे कवी' अशी यादी फळ्यावर लिहिताना जो प्रश्न आपण मनात मिटवून टाकतो, तो तिथे दर शनिवारनंतर लाखो लोक उघडपणे भांडत असतात.

प्रश्न उद्भवतो तो खेळाच्या रचनेतून. सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात साधारण बाराच सामने येतात. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी उभेच राहत नाहीत. आपल्याकडच्या साखळी स्पर्धेत गुणतक्ता बोलतो आणि इतरांना गप्प बसावे लागते. तिथे गुणतक्ताच अपुरा. जिथे मोजमाप संपते तिथून मत सुरू होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ साली क्रीडापत्रकारांच्या मतांवरून साप्ताहिक क्रमवारी सुरू केली. आजच्या पद्धतीत प्रत्येक मतदार पंचवीस संघांची यादी देतो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे करत शेवटच्याला एक. ही कल्पना राबवणारे संपादक अ‍ॅलन गूल्ड यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले होते की, दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत लोकांची उत्सुकता आणि वाद तेवत राहावेत, हाच तिचा हेतू होता. वाद घालण्यासाठी जन्मलेली यादी पुढे विजेतेपद ठरवू लागली. समीक्षेच्या इतिहासात असे काही घडलेच नाही, असे आपण छातीठोकपणे म्हणू शकू काय?

या क्रमवारीचा पहिला दोष असा की, ती चेंडू हलण्यापूर्वीच सुरू होते. १९५० पासून हंगामपूर्व यादीही निघते. ती गेल्या वर्षीच्या कामगिरीवर आणि विद्यापीठाच्या नावावर बेतलेली असते. मग दर आठवड्याला जो हरला तो खाली, जो जिंकला तो वर, एवढीच सरकवासरकव चालते. मूळ क्रम कोणत्या आधारावर लावला होता, हे कोणी फिरून विचारत नाही. २००७ च्या सप्टेंबरात पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर खालच्या श्रेणीतील अ‍ॅपलाचियन स्टेटने ३४-३२ असे हरवले. मिशिगन पंचवीसांतूनच बाहेर फेकले गेले. पण जिंकणाऱ्याला मत देण्याची सोय नियमांत नव्हती, ती नंतर करावी लागली. यादीबाहेरच्या कोणी चांगले लिहावे आणि यादीच्या नियमांत त्याला जागाच नसावी, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

'जो जिंकला तो वरचा' हे सूत्र तरी निर्दोष आहे काय? १९९३ च्या नोव्हेंबरात नोत्र दामने फ्लोरिडा स्टेटला ३१-२४ असे हरवले आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः बोस्टन कॉलेजकडून ३९-४१ अशी हार पत्करली. हंगामाअखेर दोघांच्या खात्यावर एकेकच पराभव होता, तरी विजेतेपद गेले फ्लोरिडा स्टेटकडे. २००८ साली तर चक्रच पूर्ण झाले. टेक्ससने ओक्लाहोमाला हरवले, टेक्सस टेकने टेक्ससला आणि ओक्लाहोमाने टेक्सस टेकला. तिघांचेही अकरा विजय, एक पराभव. अ हा ब पेक्षा सरस, ब हा क पेक्षा, आणि क पुन्हा अ पेक्षा. अशा वर्तुळाची सरळ रेषा करायची तर ते कुठेतरी तोडावे लागते, आणि कुठे तोडायचे हे वर्तुळ सांगत नाही. तेव्हा ओक्लाहोमा पुढे गेला तो क्रमवारीतील निसटत्या आघाडीने.

माणसाच्या पूर्वग्रहांवर उतारा म्हणून गणिताचा आधार घेण्यात आला. १९९८ ते २०१३ या काळातील व्यवस्थेत मतांच्या जोडीला संगणकीय क्रमवाऱ्याही जमेस धरल्या जात. त्यांतली वेस्ली कॉली या खगोलभौतिकशास्त्रज्ञाची पद्धत मला विशेष भावली. तीत हंगामाच्या आरंभी प्रत्येक संघाचे मूल्य नेमके अर्धे. नाव नाही, परंपरा नाही, किती फरकाने जिंकले याचाही हिशेब नाही. केवळ जय-पराजय आणि प्रतिस्पर्ध्याची ताकद. आपल्या उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून सांकेतिक क्रमांक टाकतात, तशातलाच हा प्रकार. तरीही लोकांचे समाधान झाले नाही. २००३ साली दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ एकत्रित हिशेबात तिसरा ठरला आणि अंतिम सामन्याला मुकला. पत्रकारांनी आपले विजेतेपद त्यालाच दिले. त्या वर्षी देशाला दोन विजेते मिळाले.

२०१४ पासून तेरा जणांची समिती आली आणि भाच्याचे फोनही. टीसीयू हा टेक्ससमधील संघ तिसऱ्या क्रमांकावर होता. अखेरचा सामना त्याने ५५-३ असा जिंकला आणि तो सहावा झाला! चौथी जागा ओहायो स्टेटला मिळाली. त्याने तिसऱ्या फळीतला क्वार्टरबॅक खेळवून विस्कॉन्सिनला ५९-० असे धुतले होते.

"अरे, जिंकूनही तीन पायऱ्या खाली? हा कुठला न्याय?" मी विचारले.

"मामा, समितीला सगळ्यांत चांगले चार संघ निवडायचे असतात. आणि बघ, आम्ही जिंकूनच दाखवू."

त्यांनी खरोखरच जिंकून दाखवले. पण त्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही; प्रश्न निवडीच्या दिवशीचा होता. २०२३ साली तो अधिक धारदार होऊन परतला. फ्लोरिडा स्टेट तेरापैकी तेरा सामने जिंकला. मात्र त्याचा मुख्य क्वार्टरबॅक नोव्हेंबरात जायबंदी झाला होता. समितीने त्याला पाचवा ठरवले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला आत घेतले. नऊ वर्षांपूर्वी ज्या बदली खेळाडूमुळे एका संघाचे पारडे जड झाले, तशाच बदलीमुळे दुसऱ्याचे हलके झाले. पुढे जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे चिरडले तेव्हा पुष्कळांना समितीचे म्हणणे पटले. मला पटले नाही. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते; आणि उतरले असते तरी, वगळल्यानंतर घडलेली गोष्ट वगळण्याचे कारण कशी होईल?

माझे मत सांगतो. 'सर्वोत्तम कोण' आणि 'पात्र कोण' हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिले उत्तर भाकिताचे, दुसरे नोंदीचे. एखादा विद्यार्थी अत्यंत बुद्धिमान आहे हे मला वर्गात कळलेले असते; तरी गुण मी त्याच्या बुद्धीला देत नाही, लिहिलेल्या उत्तराला देतो. त्या दिवशी तो तापाने फणफणला असेल, पण न लिहिलेल्या ओळींना गुण देण्याचा अधिकार मला नाही. आणि दुसऱ्याने साध्या भाषेत सगळे प्रश्न अचूक सोडवले असतील, तर पुढल्या परीक्षेत तो टिकणार नाही या अंदाजावर त्याचे आजचे गुण कापणे हा निव्वळ अन्याय आहे. तेरा सामने जिंकलेल्या मुलांना 'तुम्ही चौदावा हराल' असे सांगून घरी पाठवणे, याला मी मूल्यमापन म्हणणार नाही.

म्हणून हंगामातील क्रमवारी निदान पाच-सहा सामने झाल्यावर सुरू व्हावी, दर आठवड्याला कोऱ्या कागदावर मांडावी आणि तिच्यासोबत कारणे द्यावीत. २०२४ पासून बारा संघांना प्रवेश आहे, तरी वाद मिटलेला नाही. तो चौथ्या-पाचव्या क्रमांकावरून दहाव्या-अकराव्यावर गेला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मायामीने नोत्र दामला २७-२४ असे हरवले होते. तरी समितीच्या यादीत आठवडे न् आठवडे नोत्र दाम वर राहिला, आणि डिसेंबरातील अखेरच्या यादीत, त्या आठवड्यात दोघांपैकी कोणीच खेळले नसताना, मायामी दहावा आणि नोत्र दाम अकरावा झाला. ऑगस्टची उत्तरपत्रिका डिसेंबरात उघडली गेली. निर्णय माझ्या मते योग्यच होता. पण इतके दिवस ती बंद का होती, हे विचारण्याचा हक्क नोत्र दामच्या मुलांना जेवढा आहे, तेवढाच मायामीच्याही.

क्रमवारी टाळता येणार नाही. प्रवेश मोजके असतात, पारितोषिके मोजकी असतात, अभ्यासक्रमात पुस्तकेही मोजकीच बसतात. अकराव्याला दाराबाहेर राहावेच लागते. त्याला निदान एवढे कळावे, की तो कशावरून अकरावा ठरला: त्याने जे केले त्यावरून, की आपण त्याच्याविषयी आधीच जे ठरवून टाकले होते त्यावरून.